लाइपझिगला बाखचा ख्रिसमस ओराटोरियो ऐकायला पहिल्यांदाच जाताय? मग हे वाचून जा

डिसेंबर जवळ आला की जर्मनीतल्या लाइपझिगला नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, थॉमस चर्चमध्ये बाखचा तो मोठा कार्यक्रम असतो ना, त्याला जावं का? आपल्याला काही कळेल का? आणि आपल्याला आत सोडतात का?"

जा. कळेल. आणि सोडतात, कुणी धर्म विचारत नाही. फक्त थोडी तयारी करून जा. तीही संगीताची नाही, गोष्टीची. गोष्ट माहीत असेल तर दीड तास कसा गेला ते समजत नाही. माहीत नसेल तर तोच दीड तास लाकडी बाकावर फार लांबतो. दोन्ही अनुभव मी घेतले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हा प्रकार आहे तरी काय

आपल्या कीर्तनावरून सांगते, कारण ओराटोरियोच्या इतकं जवळचं आपल्याकडे दुसरं काही नाही. कीर्तनकार आख्यान लावतो. कथा पुढे नेताना गद्यात बोलतो, मध्येच थांबून एखादं पद आळवतो, आणि अधूनमधून सगळ्या सभेला ठाऊक असलेला गजर होतो. बाख या जर्मन संगीतकाराच्या ओराटोरियोत हीच तीन कामं तीन प्रकारच्या गाण्यांत वाटलेली असतात. कथा सांगणारा असतो इव्हँजेलिस्ट, म्हणजे शुभवर्तमानकार. हा टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायक बायबलमधला मजकूर जवळजवळ बोलल्यासारखा गातो, त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात. मग कथा थांबते आणि एकटा गायक त्या प्रसंगावर मन मोकळं करतो, ती आरिया. आणि चर्चला येणाऱ्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ असलेली साधी चाल सगळा कोरस मिळून म्हणतो, ते कोराल.

वेशभूषा नसते, पडदा नसतो, कुणी अभिनय करत नाही. सगळे बहुधा काळ्या कपड्यांत, हातात वही घेऊन उभे. ऑपेरा समजून गेलात तर निराश व्हाल. नावाचा उगमही साधा आहे. सोळाव्या शतकात रोममध्ये फिलिप नेरी या धर्मगुरूंनी प्रार्थना, प्रवचन आणि गाणी अशा बैठका सुरू केल्या. त्या जिथे भरत त्या प्रार्थनागृहाला ओराटोरियो म्हणत. तेच नाव पुढे त्या संगीताला चिकटलं.

आधी कुठले भाग आहेत ते बघा

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ख्रिसमस ओराटोरियो म्हणजे, जर्मनमध्ये वाइनाख्ट्सओराटोरियम, एकसलग एक रचना नाही. ते सहा भाग आहेत. बाखने ते १७३४ च्या नाताळासाठी सहा वेगवेगळ्या दिवसांकरता लिहिले: २५, २६ आणि २७ डिसेंबर, मग १ जानेवारी, त्यानंतरचा रविवार आणि ६ जानेवारी. लाइपझिगच्या दोन मुख्य चर्चमध्ये, सेंट निकोलस आणि सेंट थॉमसमध्ये, ते त्या त्या दिवशीच्या उपासनेत गायले गेले. चार भाग दोन्हीकडे झाले, तिसरा आणि पाचवा मात्र फक्त निकोलसमध्ये. म्हणजे तेव्हाच्या माणसाने हे आपल्या नवरात्रासारखं ऐकलं, रोज थोडं थोडं.

आज सहाही भाग एकत्र करायचे तर अडीच तासांच्या वर जातात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी पोस्टरवर रोमन आकड्यांत एक ते तीन असं लिहिलेलं असतं. कधी त्याला सहावा जोडतात, कधी चार ते सहा वेगळ्या दिवशी ठेवतात. पहिल्या तीन भागांत जन्म, देवदूतांनी मेंढपाळांना दिलेली वार्ता आणि मेंढपाळांनी घेतलेलं दर्शन इतकंच येतं. पूर्वेकडचे मागी लोक, तारा, हेरोद राजा हे सगळं पाचव्या-सहाव्या भागात आहे. माझी एक मैत्रीण हेरोदाची वाट बघत शेवटपर्यंत बसली होती, आणि तो काही आला नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने एक ते तीनच घ्यावेत. साधारण दीड तास लागतो, झेपतो, आणि सगळ्यात ओळखीचं संगीत त्यातच आहे.

तिकीट

थॉमस चर्चमधला कार्यक्रम थोमानेर या मुलांच्या गायकवृंदाचा असतो, साथीला गेवांडहाउस ऑर्केस्ट्रा. हा गायकवृंद १२१२ सालापासून चालत आला आहे आणि १७२३ ते १७५० अशी सत्तावीस वर्षं बाख स्वतः त्याचा कांटोर, म्हणजे प्रमुख होता. साहजिकच तिकिटं फार लवकर संपतात. उन्हाळा संपला की शोधायला लागा, डिसेंबरात बघू म्हणालात तर मिळणार नाहीत.

तिकिटाच्या खालच्या वर्गात होरप्लात्स किंवा ओने झिश्ट असं दिसेल. होरप्लात्स म्हणजे नुसती ऐकण्याची जागा, ओने झिश्ट म्हणजे जिथून गाणारे दिसत नाहीत अशी. घाबरू नका, घ्या. थॉमसमध्ये गायक आणि वादक पश्चिमेकडच्या गॅलरीत, मोठ्या ऑर्गनजवळ उभे असतात. खालच्या बहुतेक बाकांवरून ते तसेही नीट दिसत नाहीत. माझ्या पहिल्या खेपेला मला कुणीच दिसत नव्हतं, आणि सुरुवातीची पाच मिनिटं मी फसवल्यासारखी बसले होते. नंतर लक्षात आलं की इथे संगीत वरून अंगावर येतं. ते असंच ऐकायचं असतं. चर्च मुळात बघण्यासाठी बांधलेलं सभागृह नाही.

विद्यार्थी असाल तर सवलत विचारा, ओळखपत्र सोबत ठेवा. सगळं संपलं असेल तर दोन वाटा उरतात. एक, त्या संध्याकाळी आबेंटकासेवर, म्हणजे दाराशी उघडणाऱ्या खिडकीवर, तासभर आधी उभं राहणं. परत आलेली तिकिटं तिथे मिळू शकतात. दुसरी मला जास्त आवडते: दुसरं चर्च शोधा. जर्मनीत अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत लहानसहान गावांतल्या चर्चमध्येही हा ओराटोरियो होतो. गाणारे त्याच गावचे, कुणी शिक्षिका, कुणी बेकरीवाला. कधी सूर थोडा हलतो, पण शेजारी बसलेल्या आजीचा नातू गात असतो आणि ती ज्या चेहऱ्याने ऐकते ते मोठ्या ठिकाणी दिसत नाही.

आधी एकदा मोटेट्टे करून या

नवख्यांना मी नेहमी आधी याला नेते. थॉमस चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला मोटेट्टे नावाची संगीतप्रार्थना असते. शाळेच्या सुट्ट्या सोडल्या तर बहुधा थोमानेरच गातात, आणि शनिवारी बऱ्याचदा बाखचा एखादा कांटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची छोटी रचना, असतो. वेगळं तिकीट नाही. दाराशी कार्यक्रमपत्रिका विकत घ्यायची, काही युरोंची, तोच प्रवेश. पाऊण तास आधी पोहोचा.

ही मात्र उपासना आहे, मैफल नाही. वाचन असतं, प्रार्थना असते, एक गीत सगळे मिळून म्हणतात. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. हात जोडा किंवा नका जोडू, कुणी बघत नाही. टाळ्या मात्र अजिबात वाजवायच्या नाहीत. तासाभरात जागेची सवय होते, बाक किती कठीण आहेत हे कळतं, आणि आवाज कुठून येतो ते समजतं.

घरचा अभ्यास

मराठी बायबल काढा, मोबाइलवरही मिळतं. लूककृत शुभवर्तमान, दुसरा अध्याय, पहिल्या एकवीस ओळी. मत्तयाचा दुसरा अध्याय, पहिल्या बारा ओळी. दहा मिनिटांचं काम. इव्हँजेलिस्ट जे गातो ते सगळं एवढ्यात आहे. आणि मराठीत वाचाच, कारण बाळंतं, गव्हाण, मेंढपाळ हे शब्द आपल्या घरातले आहेत. गोठ्यात जन्मलेलं मूल आणि त्याला निजवायला गव्हाण, एवढं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं की निम्मं जर्मन आपोआप कळतं.

मग संध्याकाळी एकदा पहिला भाग लावून ऐका. अर्ध्या तासाच्या आतला आहे. सहा भाग ऐकायची गरज नाही, आणि समीक्षा वाचायची तर मुळीच नाही. कोरालच्या चाली कानात बसल्या तरी पुरे.

त्या दिवशी

गरम कपडे. हे मी पुन्हा पुन्हा सांगते. जुनी चर्च दगडी असतात, थंडी खालून चढते. पहिल्या वर्षी मी छान दिसावं म्हणून पातळ बूट घालून गेले आणि दुसऱ्या भागात पायाची बोटं जाणवेनाशी झाली. लोकरीचे मोजे, जाड तळव्याचे बूट, आणि आईने दिलेली शाल असेल तर ती मांडीवर. कोट काढून ठेवायची सोय बहुधा नसते, तो अंगावरच राहतो. नटून जायची अपेक्षा नाही. साडी नेसायची तर जरूर नेसा, आतून थर्मल घाला. बाकावर टाकायला छोटी उशी नेली तर कुणालाही नवल वाटत नाही, जर्मन आजी-आजोबा नेतातच.

पोट फार रिकामं ठेवू नका, चहाही फार पिऊ नका. अनेक चर्चमध्ये स्वच्छतागृह नसतं किंवा एकच असतं. मुख्य स्टेशनच्या परिसरात ते उरकून घ्या, तिथून चर्च चालत पंधराएक मिनिटांवर आहे. एसबान या लोकल गाडीने मार्क्ट स्टेशनला उतरलात तर त्याहून जवळ. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो आणि मार्क्टवर नाताळचा बाजार भरलेला असतो, त्या गर्दीतून वाट काढायला वेळ धरा.

चर्चबाहेर बाखचा पुतळा आहे, १९०८ सालचा. त्याच्या कोटाचा एक खिसा उलटा बाहेर आलेला आहे, तो शोधा. लोक सांगतात, पैशांची कायम ओढ असलेल्या माणसाचा रिकामा खिसा आहे तो.

आत गेल्यावर

आधी वेदीच्या दिशेने चालत जा. फरशीत ब्राँझची एक पाटी आहे, तिच्यावर फक्त नाव. त्याखाली बाख आहे. आधी तो दुसऱ्या चर्चच्या दफनभूमीत होता. ते चर्च दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालं आणि १९५० पासून तो इथे आहे. पाटीवर बहुतेक वेळा कुणीतरी फुलं ठेवलेली असतात. मी दर वेळी तिथे दोन मिनिटं थांबते. ज्या माणसाची रचना ऐकायची, तो वीस पावलांवर निजलेला आहे.

मग प्रोग्रामहेफ्ट घ्या, म्हणजे गाण्यांच्या शब्दांची पुस्तिका. पैसे वाचवायला ती टाळू नका, ही तुमची पोथी आहे. शब्द जर्मनमध्ये असतात, पण कोण गातंय आणि कुठल्या ओळीवर आहे हे समजतं. पान उलटताना आवाज करू नका. एकाच वेळी शंभर पानं उलटली की ते पावसासारखं ऐकू येतं.

फोन बंद, कंपनावर नाही, पूर्ण बंद. दगडी इमारतीत कंपनही ऐकू जातं. खोकल्याच्या गोळीचा कागद आधीच काढून ठेवा. आणि एक सवय घरी ठेवून या: आपण सवाईला मध्येच उठून चहा घेऊन येतो, तिथे ते चालतं. इथे भाग सुरू असताना उठायचं नाही, मध्ये विश्रांती असेल तेव्हाच. "वा!" मनातल्या मनात.

ऐकताना काय पकडायचं

सगळं पकडायला जाऊ नका. मी पाच जागा सांगते.

पहिली, अगदी सुरुवात. बेसावध राहू नका, कारण हा ओराटोरियो नगाऱ्याने सुरू होतो. टिंपनीचे एकट्याचे पाच ठोके. बासऱ्या आणि ओबो उत्तर देतात, ट्रम्पेट चढतात, आणि मग सगळा कोरस त्याच नगाऱ्याच्या चालीवर तुटून पडतो. नगारा आधी का, याला कारण आहे. बाखने ही चाल वर्षभर आधी, ८ डिसेंबर १७३३ ला, सॅक्सनीच्या शासकाच्या पत्नीच्या वाढदिवसासाठी केली होती आणि त्या गाण्याचे शब्दच होते 'वाजा रे नगाऱ्यांनो, दुमदुमा ट्रम्पेटांनो'. नाताळात त्याने तिथे 'जल्लोष करा, आनंद करा' असे शब्द बसवले. आपल्याकडे नाट्यपदाच्या चालीवर भजन बसतं, तसंच हे. त्यात कमीपणा नाही. वाढदिवसाचं गाणं एकदा गाऊन विरून गेलं असतं, इथे ते राहिलं.

दुसरी जागा, पहिल्या भागातलं पहिलं कोराल. 'तुझं स्वागत कसं करू' असे त्याचे शब्द आहेत. चाल मात्र तीच, जी बाखने आपल्या मॅथ्यू पॅशनमध्ये, क्रुसावरच्या मरणाच्या कथेत, पुन्हा पुन्हा वापरली आहे. पाळण्यातल्या बाळासमोर ही चाल ऐकून मला दर वेळी गलबलतं. हीच चाल सहाव्या भागाच्या शेवटी पुन्हा येते, पण तेव्हा ट्रम्पेट आणि नगारे लेवून.

तिसरी, दुसऱ्या भागाची सुरुवात. शब्द नाहीत, फक्त वाद्यं. रात्र, माळरान, मेंढपाळ. इथे चार ओबो आहेत, दोन जरा मऊ आवाजाचे आणि दोन खालच्या, घोगऱ्या आवाजाचे. ओबो म्हणजे सनईसारखंच दुहेरी पत्तीचं वाद्य, तेव्हा तुमचा कान ते लगेच ओळखेल. तारवाद्यं आणि बासऱ्या वर तरंगतात, ओबो खाली गुरं वळवल्यासारखे चालतात. डोळे मिटून ऐका.

चौथी, त्याच भागातली अंगाई. आल्टो, म्हणजे जरा खालच्या पट्टीतला स्त्रीचा किंवा मुलाचा आवाज, 'निज, माझ्या लाडक्या' म्हणतो, पहिलाच स्वर लांब धरून. बासरी तीच चाल एक सप्तक वरून सोबत चालवते. श्वासाचा आवाजही ऐकू येतो इतकं चर्च त्या वेळी शांत असतं. रामनवमीला कीर्तनात बारा वाजता पाळणा म्हणतात तेव्हा देवळात जी शांतता येते, ती मला इथे सापडली. याही गाण्याचा पहिला जन्म वेगळा आहे: त्यात विलासाची देवता तरुण हर्क्युलिसला भुलवायला गाते. तिथला मोह इथे माया झाला.

पाचवी, तिसऱ्या भागातली व्हायोलिनच्या साथीची आल्टो आरिया. मरिया सगळं ऐकून मनात साठवते, तो प्रसंग. या कामासाठी बाखने मुद्दाम नवी केलेली आरिया हीच. नीट ऐका, भपका काही नाही.

पोस्टरवर ऐतिहासिक वाद्यांवर असं लिहिलं असेल तर तारा आतड्याच्या असतात, ट्रम्पेटला कळा नसतात, आणि सगळी पट्टी बहुधा अर्धा स्वर खाली असते. पेटी वाजवणाऱ्यांच्या ते पटकन लक्षात येईल. आवाज लहान वाटेल, दोन मिनिटांत कान जुळतो.

टाळ्या

मध्ये नाही. कितीही आवडलं तरी नाही. शेवटच्या स्वरानंतर चर्चमध्ये आवाज थोडा वेळ फिरत राहतो, तो विझू द्या. मग इतर लोक वाजवू लागले की मनापासून वाजवा. गुड फ्रायडेच्या सुमाराला पॅशन ऐकायला गेलात तर अनेक ठिकाणी शेवटीही टाळ्या नसतात, लोक गप्पपणे उठून जातात. कार्यक्रमपत्रिकेत तशी विनंती असते, ती वाचा. इंग्लंड-अमेरिकेत हँडेलच्या मसीहामधल्या हालेलुयाला उभं राहायची रीत आहे, ती इथे आणू नका.

लहान मुलांना आणायचं का, असं विचारतात. सात-आठ वर्षांच्या पुढे, आणि फक्त पहिला भाग घरी ऐकून आवडला असेल तर. त्याहून लहान असतील तर मुलांसाठी केलेले छोटे प्रयोग असतात, तिथे न्या.

नंतर

बाहेर आल्यावर बाजारातला गोंगाट एकदम अंगावर येतो. मी मागच्या गल्लीने थोडं चालते, मग गाडी पकडते. बाखचं वस्तुसंग्रहालय चर्चच्या समोरच आहे, पण ते दुसऱ्या दिवशी दुपारी बघा. तेव्हा डोकं मोकळं असतं.

चौथा ते सहावा भाग ऐकायचे तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली पोस्टरं बघा, मुख्यतः ६ तारखेच्या आसपासची. बाजार उठलेला असतो, झाडं रस्त्याकडेला टाकलेली असतात, आणि माझ्या अनुभवात तेव्हा तिकिटासाठी मारामार कमी असते. चौथ्या भागात ट्रम्पेटऐवजी हॉर्न आहेत आणि एका आरियेत लांबून दुसरा आवाज पडसादासारखा 'नाही' आणि 'हो' म्हणतो. तो कुठून येतो ते शोधत मान वळवलीत तर शेजारचेही तेच करताना दिसतील.